आईला अल्झायमर, रिपोर्टमध्ये ई-४ आणि एलडीएल १६८: गोळी, आहार आणि भावाची चाचणी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्यांचं वय ४७. आईला ७३व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. त्या धास्तीने त्यांनी लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी करून घेतली आणि निकाल आला ‘एपीओई ई-३/ई-४’, म्हणजे अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जनुकाची एक प्रत ई-३ आणि एक ई-४. त्याच सुमारास रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६८ निघालं आणि डॉक्टरांनी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू करायला सांगितलं. पण त्यांच्या वाचनात आलं की मेंदूला कोलेस्टेरॉल लागतंच, ते कमी केलं तर स्मरणशक्ती जाते, आणि भरपूर चरबी, विशेषतः नारळाचं तेल, घेतलं तर मेंदू वाचतो. तेव्हा गोळी घ्यावी का, खावं काय, धाकट्या भावाला चाचणी करायला सांगावी का, आणि आईची स्टॅटिन बंद करावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण तपासणं हे माझं रोजचं काम, आणि आता रुग्णांइतकीच त्यांची चाळिशी-पन्नाशीतली मुलंही माझ्यासमोर येऊन बसतात. तुम्ही विचारलंय गोळीबद्दल, पण खरं भय वेगळं आहे: आईचं जे झालं तेच माझं होणार का, आणि ते टाळायला माझ्या हातात काही आहे का? याचं उत्तर देता येतं, पण त्यासाठी जनुक, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि मेंदूतलं कोलेस्टेरॉल या तीन गोष्टी आधी एकमेकींपासून सोडवून घ्यायला हव्यात. तुम्ही जे वाचलंत त्यात त्या तिन्ही एकत्र कालवल्या आहेत.

जनुकांपासून सुरू करू. अल्झायमरशी जनुकांचं नातं दोन प्रकारचं असतं. एक दुर्मीळ प्रकार असा, की एपीपी, प्रेसेनिलिन-१ किंवा प्रेसेनिलिन-२ यांपैकी एका जनुकात बिघाड असला तर आजार जवळपास ठरलेलाच असतो, तोही लवकर, तिशी ते पन्नाशीत. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात अशी मोठी घराणी आहेत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. तिथे चाळिशीच्या मध्यावरच लक्षणं सुरू होतात. पण जगातल्या एकूण रुग्णांत हा प्रकार शंभरात एकालाही नसतो. तुमच्या आईला ७३व्या वर्षी आजार झाला, आणि घराण्यात तरुण वयात कुणाला झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. हा प्रकार तुम्ही मनातून काढून टाका.

दुसरा प्रकार धोका वाढवणारा, पण निकाल न लावणारा. एपीओई त्यातलं सर्वांत वजनदार जनुक. ते १९व्या गुणसूत्रावर असतं आणि त्याची ई-२, ई-३, ई-४ अशी तीन रूपं आढळतात. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. ई-४चा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिला. ई-४ची एक प्रत असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोन प्रती असतील तर आठ-दहा पट किंवा त्याहूनही जास्त. ई-२ असेल तर उलट काहीसं संरक्षण मिळतं.

‘तिप्पट’ हा आकडा ऐकून माणूस हादरतो, म्हणून तो उलगडून सांगतो. ई-४ची एक प्रत ही विरळा गोष्ट नाही. अनेक समाजांत चार-पाच माणसांमागे एकाकडे ती असते. अशी माणसं ८५व्या वर्षापर्यंत जगली, तर त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला अल्झायमर झालेला असतो. म्हणजे बहुतेकांना झालेला नसतो. आणि दुसरीकडे, माझ्याकडे निदान होणाऱ्या कितीतरी रुग्णांकडे ई-४ची एकही प्रत नसते. एक प्रत असणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे, आणि नसणं म्हणजे अभयही नव्हे. दोन प्रतींची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ई-४/ई-४ असलेल्या जवळपास सर्वांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात वयाच्या ६५ पर्यंत अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाचे, बदल दिसले होते. तुम्ही त्या गटात नाही. इंटरनेटवर ई-४बद्दलची सर्वांत भीतिदायक वाक्यं असतात ती बहुधा त्या गटाबद्दलची, एवढं वाचताना ध्यानात ठेवा.

याच संदर्भात मला महत्त्वाचा वाटणारा एक जुना अभ्यास सांगतो. नायजेरियातल्या इबादान शहरातले योरुबा लोक आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधले आफ्रिकी वंशाचे लोक यांची तुलना संशोधकांनी अनेक वर्षं केली. २००१मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अल्झायमरचं वार्षिक प्रमाण इंडियानापोलिसमध्ये २.५२ टक्के, तर इबादानमध्ये १.१५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. योरुबा लोकांत ई-४ होतंच, पण तिथे त्याचा आजाराशी संबंध फारच क्षीण दिसला. इबादानमधल्या लोकांचं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि वजनही कमी होतं. एवढ्यावरून आहारामुळेच हे घडलं असं म्हणता येणार नाही, दोन समाजांत इतर फरकही पुष्कळ असतात. पण एकच जनुक सगळीकडे सारखं वागत नाही, हे यातून दिसतं. जनुकीय धोक्याचे बरेचसे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत, त्यामुळे ते स्वतःला दशांश चिन्हापर्यंत लावून घेऊ नयेत.

आता कोलेस्टेरॉल. इथे थोडं थांबून वाचा, कारण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि तुम्ही वाचलेलं यातली विसंगती इथेच सुटते.

मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, हे अगदी खरं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के मेंदूत असतं. चेतातंतूंभोवतीचं आवरण आणि पेशींमधले जोड त्यावरच उभे असतात. पण त्याच्यापुढचं वाक्य, ‘म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करू नका’, हे चूक आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक सीमा असते, तिला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. एलडीएलचे कण ती सीमा ओलांडू शकत नाहीत. मेंदूचं स्वयंपाकघर पूर्ण वेगळं आहे. त्याला लागणारं कोलेस्टेरॉल तो स्वतः तयार करतो, मुख्यतः ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींमध्ये. तुमचं एलडीएल १६८ असलं काय आणि ७० असलं काय, त्या मालाच्या पुरवठ्यावर थेट परिणाम होत नाही.

मग एपीओईचा यात काय संबंध? या जनुकापासून बनणारं प्रथिन नेमकं हेच काम करतं: ॲस्ट्रोसाइटमध्ये तयार झालेलं कोलेस्टेरॉल चेतापेशींपर्यंत वाहून नेणं. २९९ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, आणि ई-३ व ई-४ यांच्यात फरक फक्त एका जागेचा, ११२व्या. पण त्या एका बदलाने प्रथिनाचा आकार बदलतो, ते चरबीचा भार नीट वाहत नाही आणि अमायलॉइडचा निचरा करण्यातही मंद पडतं. म्हणजे ई-४मधली अडचण मेंदूच्या आतल्या वाहतुकीची आहे. ताटात चरबी वाढवून ती वाहतूक सुधारत नाही. आहारातून जास्त कोलेस्टेरॉल घेऊन मेंदूला पोहोचवायचं, या कल्पनेचा पायाच इथे निखळतो.

हेच प्रथिन रक्तातही काम करतं, यकृताने बनवलेलं. ई-४ असलेल्यांचं एलडीएल सरासरीने थोडं जास्त असतं, हे त्याचमुळे. तुमचे दोन रिपोर्ट एकाच वेळी असे आले हा निव्वळ योगायोग नसावा. आणि रक्तातलं एलडीएल मेंदूत शिरत नसलं तरी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना ते सोडत नाही. त्या अरुंद आणि ताठर झाल्या की लहान-लहान झटके बसतात, आतल्या भागांना रक्त कमी पडतं. वृद्धांच्या मेंदूत मृत्यूनंतर पाहिलं तर अमायलॉइडचे थर आणि रक्तवाहिन्यांचा बिघाड अनेकदा जोडीने सापडतात. दोन्ही असले की माणूस लवकर कोलमडतो. दोन्हींपैकी एक आपल्याला आज रोखता येतं.

तुमच्या वाचनातला आणखी एक धागा असा असेल, की म्हाताऱ्या माणसांत कोलेस्टेरॉल जास्त असलं तर स्मृतिभ्रंश उलट कमी दिसतो. असे अभ्यास खरोखर आहेत, पण त्यांचा अर्थ लावताना वयाकडे पाहावं लागतं. अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या १५ ते २० वर्षं आधी सुरू होतात. त्या काळात भूक मंदावते, वजन उतरतं आणि कोलेस्टेरॉलही खाली येतं. मग ८० वर्षांच्या माणसाचं कोलेस्टेरॉल कमी दिसतं ते आजाराचं कारण म्हणून नव्हे, आजाराचा परिणाम म्हणून. मध्यमवयात मोजलं की चित्र वेगळं निघतं. फिनलंडमध्ये मीया किविपेल्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार आधी दाखवलं: चाळिशी-पन्नाशीतलं वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांचा पुढच्या अल्झायमरशी संबंध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके दिले, त्यात मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल पहिल्यांदाच आलं. या १४ गोष्टी पूर्ण टाळता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. तो सगळ्या लोकसंख्येसाठीचा आहे, तुमच्या एकट्याचा नाही. तरीही ४७व्या वर्षी प्रश्न विचारताय हे माझ्या दृष्टीने फार चांगलं आहे. बहुतेक जण ७०व्या वर्षी येतात.

आता गोळी. स्टॅटिनमुळे स्मरणशक्ती जाते या भीतीला थोडा आधार आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसरभोळेपणा आणि गोंधळल्यासारखं वाटणं याचा उल्लेख घालायला लावला. तो त्रास क्वचित होतो, गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर जातो, असंही त्यांनीच नोंदवलं. मोठ्या चाचण्यांत मात्र हे दिसलं नाही. २० हजारांहून अधिक लोकांवरच्या ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त, आणि ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवरच्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत, स्टॅटिन घेणारे आणि न घेणारे यांच्या आकलनशक्तीत फरक आढळला नाही. पुढे इंजेक्शनने एलडीएल फारच खाली आणलेल्या लोकांची स्मरणशक्ती खास मोजली गेली, २०१७मध्ये त्याचे निकाल आले. तिथेही घसरण नव्हती. मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा डेन्मार्कमधला आहे. जन्मतःच काही जनुकांमुळे ज्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं, त्यांच्यात अल्झायमर वाढलेला दिसत नाही. कमी एलडीएल मेंदूला मारक असतं, तर ते पहिल्यांदा याच लोकांत दिसायला हवं होतं.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. स्टॅटिन अल्झायमर रोखतं, असं सिद्ध झालेलं नाही. वर सांगितलेल्या दोन चाचण्यांत बिघाड झाला नाही, तसा बचावही झाला नाही. त्यांतले बरेच लोक उतारवयातले होते आणि चाचण्या काही वर्षांच्याच होत्या. चाळिशीपासून तीस वर्षं घेतलं तर काय, याची तशी चाचणी करणं जवळपास अशक्य आहे. म्हणून मी रुग्णांना सांगतो, की गोळी हृदय आणि धमन्यांसाठी घ्या. पक्षाघात टळला तर मेंदूचा फायदा त्यात आहेच. त्यापलीकडे अल्झायमरपासून काही संरक्षण मिळालं तर ते वरचं.

ती तुम्हाला लागेल का, हे मात्र १६८ या एका आकड्यावर ठरत नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू, घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला होता का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असतं तर प्रश्नच उरला नसता. १६८ला काही जणांच्या बाबतीत आधी तीन महिने आहार-व्यायाम करून पुन्हा तपासणं योग्य असतं, काहींना लगेच गोळी लागते. डॉक्टरांना ‘माझा दहा वर्षांचा धोका किती काढलात?’ असं सरळ विचारा. आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि डोकंही जड, मंद वाटतं. ते कारण सुटून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि तो दोष औषधाने भरून निघतो.

गोळी सुरू केल्यावर काही आठवेनासं झाल्यासारखं वाटलं तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करून पाहता येतं, औषध बदलता येतं. लंडनमधल्या एका प्रयोगात स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. रिकाम्या गोळीनेही स्टॅटिनच्या सुमारे ९० टक्के इतका त्रास झाला. त्या लोकांचा त्रास खराच होता, पण त्याचा बहुतांश भाग औषधातून येत नव्हता. जे भीत-भीत गोळी सुरू करतात त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं असतं.

आहाराबद्दल मी मुद्दाम सावध बोलणार आहे. नारळाच्या तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते आणि ती एलडीएल वाढवते, कारण संपृक्त चरबीमुळे यकृत रक्तातून एलडीएल कमी उचलतं. त्यातून कीटोन (शरीर चरबीपासून बनवतं ती रसायनं) तयार होऊन मेंदूला पर्यायी इंधन मिळतं, हा युक्तिवाद कागदावर आकर्षक आहे. अल्झायमर टळतो असं दाखवणारी भरवशाची चाचणी नाही. तुमचं एलडीएल आधीच १६८ आहे. तुम्हाला हा प्रयोग करू नका असंच सांगेन. अंड्याची मात्र इतकी धास्ती नको. फिनलंडमधल्या कुओपिओ इथल्या पुरुषांवरच्या दीर्घ अभ्यासात आहारातलं कोलेस्टेरॉल किंवा अंडी यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही, ई-४ असलेल्यांतही नाही. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलंच शरीर बनवतं. ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ताटातली संपृक्त चरबी मोजा.

भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे आणि असंपृक्त तेल असलेल्या आहाराच्या बाजूने निरीक्षणात्मक पुरावा चांगला आहे. पण खास मेंदूसाठी आखलेल्या ‘माइंड’ आहाराची ६०४ लोकांवर तीन वर्षांची चाचणी झाली, २०२३मध्ये निकाल आला, आणि तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही गटांनी थोडं कमी खाल्लं होतं आणि दोन्ही थोडे सुधारले होते. म्हणून कुठल्याही एका पदार्थाला, कॅप्सूलला किंवा पावडरला ‘मेंदूचं अन्न’ म्हणून कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. त्यापेक्षा सगळं एकत्र केलं तर काही हाती लागतं. फिनलंडच्या ‘फिंगर’ चाचणीत १,२६० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर देखरेख असं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची आकलनशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ९६ हजार लोकांच्या माहितीत, जनुकीय धोका जास्त असलेल्यांमध्ये चांगली राहणी असलेल्यांना १.१३ टक्के आणि वाईट राहणी असलेल्यांना १.७८ टक्के स्मृतिभ्रंश झाला. फरक मोठा नाही, पण जनुक असूनही तो दिसतो.

आणि रक्तदाब! तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. माझ्यासमोर बसलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या मेंदूसाठी मला एकच आकडा विचारायचा असेल तर मी एलडीएलच्याही आधी रक्तदाब विचारेन. २०१९च्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचा आकडा १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवल्यावर सौम्य आकलनदोषाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडच्या पायरीचं, प्रमाण १९ टक्क्यांनी घटलं. घरी यंत्र आणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि ती नोंद डॉक्टरांकडे न्या. ऐकू कमी येत असेल तर त्याचीही तपासणी करा.

भावाबद्दल. तुमच्या ई-४वरून भावाकडे काय असेल ते सांगता येत नाही. त्याच्याकडे एकही प्रत नसेल, एक असेल, किंवा आईवडील दोघांकडून येऊन दोनही असू शकतात. जाणून घेण्याचा हक्क त्याचा आहे, तसा न जाणण्याचाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांनी आपला संपूर्ण जनुकसंच जगापुढे ठेवला, पण एपीओईचा भाग तेवढा झाकायला लावला. अमेरिकेतल्या ‘रिव्हील’ अभ्यासात रुग्णांच्या मुलांना समुपदेशनासह निकाल सांगितला तेव्हा बहुतेकांनी तो सावरून घेतला. समुपदेशनासह, हे महत्त्वाचं. जेवताना सहज बोलता-बोलता त्याला तुमचा निकाल सांगू नका. आधी विचारा, ऐकायचं आहे का म्हणून. चाचणी केली नाही तरी त्याने करायचं तेच आहे जे तुम्ही करायचं आहे: लिपिड, रक्तदाब आणि साखर तपासून घेणं. तुमची चाचणी घरगुती संचावर झाली असेल आणि तिच्यावरून मोठा निर्णय घ्यायचा असेल, तर ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पडताळून घ्या.

आईची स्टॅटिन. ती हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर चालू झाली असेल तर अल्झायमर झाला म्हणून बंद करू नका. तसं काही नव्हतं आणि ती आता खूप थकली असेल, गोळ्यांची संख्या तिला झेपत नसेल, तर कमी करण्याचा विचार डॉक्टरांसोबत जरूर करावा. तिचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि लेकॅनेमॅब किंवा डोनॅनेमॅब या मेंदूतलं अमायलॉइड काढणाऱ्या औषधांबद्दल कुणी बोललं असेल, तर एपीओईची चाचणी तिची व्हायला हवी. ई-४च्या दोन प्रती असलेल्यांना या औषधांनी मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि औषध द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. तुमच्यापेक्षा तिच्या रिपोर्टला आज जास्त व्यावहारिक अर्थ आहे, म्हणून पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांना हा प्रश्न पहिल्यांदा विचारा.